रेडिएंट सिल्व्हरगन घेताय? आधी डिस्क बघा, ओबी नंतर

सेगा सॅटर्न या जुन्या गेम कन्सोलवरची 'रेडिएंट सिल्व्हरगन' ही गेम विकायला निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओबी आहे का? ओबी म्हणजे जपानी डबीच्या डाव्या कडेला बसणारी कागदाची पट्टी. ती असली की भाव चढतो, आणि डबीचं सील शाबूत असलं की विचारूच नका. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. या गेमची किंमत डिस्कमध्ये आहे, आणि जी डिस्क चालवून बघता येत नाही तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटत नाही.

ही गेम दुर्मीळ का झाली, ते आधी. ट्रेझर या जपानी कंपनीने १९९८ मध्ये ती आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढली आणि त्याच वर्षीच्या जुलैत सॅटर्नवर आणली, तीही फक्त जपानमध्ये. नोव्हेंबरात सेगाचाच पुढचा कन्सोल ड्रीमकास्ट आला आणि सॅटर्नचे दिवस भरले. आर्केड यंत्रातला एसटी-व्ही सर्किट बोर्ड आणि सॅटर्न ही एकाच रचनेची भावंडं, त्यामुळे घरच्या आवृत्तीत काही हरवलं नाही. उलट 'सॅटर्न मोड' नावाचा कथेसह खेळायचा भाग वाढीव मिळाला.

खेळ उभा सरकणारा, अवकाशयानाचा. शस्त्रं उचलायची नसतात. सातही पहिल्या क्षणापासून हातात असतात. तीन बटणांची तीन, दोन-दोन एकत्र दाबून आणखी तीन, आणि तिन्ही दाबली की तलवार. ही तलवार गुलाबी गोळ्या गिळते. दहा गिळल्या की मोठा वार करता येतो. शत्रू लाल, निळे, पिवळे. एकाच रंगाचे तीन-तीन ओळीने पाडत गेलात तर गुणांची साखळी लागते, आणि ज्या शस्त्राने गुण मिळवाल त्याची ताकद वाढते. म्हणून समोर आलेला प्रत्येक शत्रू मारायचा नसतो. कुठला सोडायचा, हे ठरवणं म्हणजेच हा खेळ. इतका विचार करायला लावणारा शूटर मला दुसरा माहीत नाही.

नुसतं खेळायचंच असेल तर २०२२ ची निन्टेन्डो स्विच या कन्सोलवरची आवृत्ती घ्या, थोडक्यात काम होईल. मूळ डिस्क घ्यायची असेल तर पुढचं नीट वाचा.

डिस्क उलटी करा आणि दिव्याखाली तिरकी धरा. सॅटर्नच्या अस्सल डिस्कवर अगदी बाहेरच्या कडेला वेगळ्या चमकीचा अरुंद पट्टा दिसतो. कन्सोल सुरू होताना आधी तोच तपासतो. घरच्या सीडी-रायटरला तो उमटवता येत नाही. खालची बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसली तर ती सीडी-आर, म्हणजे घरी लिहिलेली सीडी, विषय संपला. पण कारखान्यात छापलेली नक्कल चंदेरीच दिसते, तिथे रंगावर विसंबू नका.

"चालते, व्हिडिओ बघा," असं विक्रेता म्हणाला तर विचारा, कशावर चालते? तपासणी चुकवणारी मॉडचिप लावलेल्या कन्सोलवर किंवा तेच काम करणारं 'स्यूडो सॅटर्न' सॉफ्टवेअर भरलेलं काडतूस (कार्ट्रिज) लावून नक्कलही बिनबोभाट चालते. पुरावा हवा तो जपानी, मूळ अवस्थेतल्या कन्सोलवरचा. काडतुसाचा खाचा रिकामा दिसला पाहिजे आणि डिस्क ठेवण्यापासून खेळ सुरू होईपर्यंत व्हिडिओ कुठे तुटता कामा नये. तशा कन्सोलवर नक्कल सीडी प्लेअरच्या पडद्यावरच अडकते.

यानंतर डिस्क दिव्यासमोर धरून छापील बाजूने बघा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला ॲल्युमिनियमचा थर गेलाय. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे मला फारसे खुपत नाहीत, कारण तिथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक असतं. छापील बाजूचा एक खोल ओरखडा मात्र घातक, कारण थर तिथे वार्निशच्या लगेच खाली असतो. पॉलिश करूनही तो भरून येत नाही. आणि सीलबंद डबीत यातलं काहीच तपासता येत नाही! प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून वर अवस्थेच्या गुणांकाचा (ग्रेडिंगचा) शिक्का मारलेली प्रत तर कायमची अंधारात. आत थर सडलाय की शाबूत आहे, हे न कळता लोक दामदुप्पट मोजतात.

डबी फुटकी असेल तर घाबरू नका. ती साधी सीडीची डबी आहे, बदलता येते. पुस्तिका आणि ओबी मात्र बदलता येत नाहीत, म्हणून ओबीच्या घडीवरचा कागद फाटलाय का, उन्हाने पाठ फिकी पडलीय का, ते फोटो मोठा करून बघा. जपानी लिलावात 'जंक' लिहिलेला माल म्हणजे तक्रार ऐकली जाणार नाही, हे धरून चाला.

आता आपल्याकडची खरी गोम. जपानी सॅटर्न १०० व्होल्टवर चालतो, पण मागची वायर आपल्या टेपरेकॉर्डरचीच, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या तोंडाची. ती सहज बसते, आणि तिथेच घात होतो. २३० व्होल्ट थेट दिले तर डीसी होताना ते सव्वातीनशेच्या घरात जातात. फ्यूज उडतो, कपॅसिटर फुगतो. १०० व्होल्ट देणारा, तांब्याच्या गुंडाळीचा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. १०० वॉटचा भरपूर झाला. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर नको. युरोपचा सॅटर्न घेऊन त्याला ॲक्शन रिप्ले नावाचं काडतूस लावायचा सल्लाही मिळेल, पण त्याने फक्त देशाचं कुलूप, म्हणजे दुसऱ्या देशाची डिस्क चालू न देणारी अडवणूक, उघडतं. चित्र ५० हर्ट्झवरच राहतं आणि खेळ सहाव्या हिश्श्याने मंदावतो.

शेवटचं म्हणजे सेल. सॅटर्न मोडमध्ये शस्त्रांची वाढवलेली ताकद सेव्ह होते, तीही कन्सोलच्या आतल्या ३२ किलोबाइट मेमरीत, सीआर२०३२ या चपट्या गोल सेलच्या जिवावर. सुरू करताना दर वेळी तारीख-वेळ विचारू लागला की समजा सेल संपला, आणि सेव्हही गेलं. तशी वेळ येऊ देऊ नका. दर वर्षी एक तारीख ठरवून मागचं छोटं झाकण उघडा, आणि कन्सोल चालू ठेवूनच सेल बदला. चालू असताना मेमरीला वीज मिळत राहते, म्हणून सेव्ह टिकतं. तरीही त्याआधी मेमरी काडतुसावर एक प्रत काढून ठेवा. काडतूस ओळखलं नाही तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्याचे सोनेरी दात पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा.