पुढच्या बैठकीत ठरवू

बैठक यशस्वी झाली हे कसे ओळखावे, असा प्रश्न नवख्या मंडळींना नेहमी पडतो. उत्तर सोपे आहे. बैठक उठताना पुढच्या बैठकीची तारीख ठरलेली असली आणि त्याखेरीज दुसरे काहीही ठरलेले नसले, की ती यशस्वी झाली असे खुशाल समजावे. निर्णय झाला की त्याची जबाबदारी कोणाच्या तरी गळ्यात पडते, ज्याच्या गळ्यात पडते तो पुढे कधीतरी चुकतो, आणि त्याचे नेमके कुठे चुकले हे शोधण्यासाठी पुन्हा बैठकच बोलवावी लागते. त्यापेक्षा मधला टप्पा गाळलेला बरा.

पहिली काळजी घ्यावी ती निमंत्रितांच्या यादीची. ज्याचा विषयाशी संबंध आहे त्याला विसरलात तरी चालेल, पण ज्याचा काडीचाही संबंध नाही त्याला न चुकता बोलवावे, कारण विषय माहीत नसलेल्या माणसाला बोलताना कसलीच अडचण येत नाही. पाच माणसे बसवली तर त्यांच्यात दोघादोघांच्या जोड्या होतात जेमतेम दहा. बारा बसवली की त्याच जोड्या ६६ होतात आणि मतभेदाला हक्काची जागा मिळते. बारा जण तासभर बसले म्हणजे एका माणसाचा दीड दिवस खर्ची पडला, हा हिशेब कोणी मांडू लागलेच तर त्याला यादीतून वगळावे. तेवढ्याच पैशांची एखादी खुर्ची घ्यायची म्हटली तर तीन सह्या लागतात. बैठक लावायला मात्र कोणाचीच लागत नाही, आणि या सोयीवर गदा येता कामा नये. शेवटची दक्षता अशी, की ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार आहे तो त्या दिवशी रजेवर असावा. मग प्रत्येक मुद्द्यावर ‘हे एकदा साहेबांच्या कानावर घालू’ असे म्हणून सुखाने पुढे सरकता येते.

विषयपत्रिका अजिबात न पाठवणे हा राजमार्ग होय. पाठवावीच लागली तर आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर, चाळीस पानांच्या जोडपत्रासह पाठवावी, म्हणजे ती वाचली नसल्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही आणि वाचली असल्याचा संशयही कोणावर घेता येत नाही. ॲमेझॉन कंपनीचे जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांमधून स्लाइड हद्दपार केल्या. तिथे फार तर सहा पानांचे नीट वाक्यांत लिहिलेले टिपण समोर ठेवतात आणि सुरुवातीला सगळे जण ते गुपचूप वाचतात. हा प्रकार तुमच्याकडे शिरू देऊ नका. एक तर टिपण लिहिणाऱ्याला आधी विचार करावा लागतो, आणि दुसरे म्हणजे त्या शांततेत कोणाच्या तरी लक्षात येते की बैठकीची गरजच नव्हती.

विषयांचा क्रम लावताना सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५७ साली रंगवलेली समिती डोळ्यांसमोर ठेवावी. तिच्यासमोर एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा विषय येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण अणुभट्टी म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नसते. मग ३५० पौंडांची सायकलींची शेड येते आणि तिच्या छपरावर पाऊण तास खल चालतो. त्यानंतर चहापानाचा खर्च निघतो आणि त्याला याहूनही जास्त वेळ लागतो. तात्पर्य काढायचे तर अवघड विषयाच्या आधी सर्वांना कळेल असा एक सोपा विषय ठेवावा, म्हणजे अवघडापर्यंत पोहोचण्याची वेळ येत नाही. तरीही पोहोचलातच, तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळ हाताशी असतेच.

वेळेबाबत फार सांगायला नको. जे वेळेवर आले त्यांना थांबवून ठेवावे, आणि जे उशिरा आले त्या प्रत्येकासाठी आतापर्यंतची चर्चा पहिल्यापासून सांगावी. स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवावा. बैठक ऑनलाइन असेल तर पहिली दहा मिनिटे ‘माझा आवाज येतोय का?’ या विषयाला आपोआप मिळतात, त्यासाठी वेगळे नियोजन लागत नाही.

इथवर आल्यावर एखादा शंकेखोर विचारील की या सल्ल्याला आधार काय. आधार भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर संस्थेने शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातील सामान्य माणसांसाठी घातपाताची एक पुस्तिका तयार केली. इंधनाच्या टाकीत साखर कशी टाकावी, यंत्र कसे बिघडवावे, असे मार्गदर्शन तीत आहेच. पण ज्यांच्या हाती यंत्र नाही, नुसते टेबल आहे, त्यांनाही ती विसरलेली नाही. त्यांनी प्रत्येक बाब ‘अधिक अभ्यासासाठी’ समितीकडे सोपवावी, समिती होईल तेवढी मोठी ठेवावी आणि तिच्यात पाचाहून कमी माणसे कधीही घेऊ नयेत. पत्रातल्या आणि ठरावातल्या नेमक्या शब्दांवरून वाद घालावा. मागच्या बैठकीत ठरलेला विषय पुन्हा उकरून काढावा. आणि अधिक निकडीचे काम समोर असेल तेव्हा हटकून बैठक बोलवावी. शत्रूची कचेरी बंद पाडण्यासाठी लिहिलेल्या या सूचना आपण कोणाच्याही सांगण्यावाचून, पगार घेऊन आणि हजेरी लावून पाळतो, याचा मला व्यक्तिशः अभिमान वाटतो.

शब्दांवरून वाद घालण्याचे एक उत्तम उदाहरण मी स्वतः पाहिले आहे. एका कचेरीत माल पोहोचायला उशीर होणार असल्याचे ग्राहकांना कळवायचे होते, आणि त्या चार ओळींच्या पत्रासाठी अकरा जण बसलो होतो. तिसऱ्या ओळीत ‘लवकरात लवकर’ म्हणावे की ‘यथावकाश’, यावर गाडी अडली. ‘लवकरात लवकर’ म्हटले तर आपण बांधले जातो, असे एकाचे म्हणणे. ‘यथावकाश’ म्हटले तर माल येणारच नाही असे वाटते, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याने ‘शक्य तितक्या लवकर’ हा सुवर्णमध्य सुचवला, तेव्हा चौथ्याने ‘शक्य’ कोणाला, असा प्रश्न टाकला आणि घड्याळाचा काटा आणखी वीस मिनिटे पुढे सरकला. फळ्यावर एकूण सात पर्याय लिहिले गेले, त्यांतले दोन पुसले गेले आणि एक पुन्हा लिहिला गेला. शेवटी तिघांची उपसमिती नेमण्याचे ठरत असताना दाराशी बसलेली, टंकलेखन करणारी मुलगी चाचरत म्हणाली, “सर, ते पत्र मी सकाळीच पाठवलं. ग्राहकांचे फोन येत होते ना.” खोलीत जी शांतता पसरली तशी मी नंतर कुठल्याही बैठकीत अनुभवली नाही. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला खडू तसाच राहिला होता.

असा अपघात टाळायचा असेल तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला बैठकीत बसवू नये, हे ओघाने आलेच. तरीही घडला, तर तो निस्तरण्याची जागा म्हणजे इतिवृत्त. इथे आपली भाषा मदतीला धावून येते. ‘मी करतो’ किंवा ‘तुम्ही करा’ असे चुकूनही लिहू नये; ‘करण्यात येईल’ असे लिहावे. या दोन शब्दांत काम आहे, आश्वासन आहे, फक्त माणूस नाही, आणि शोधायला निघालेल्यालाही तो सापडत नाही. ‘चर्चा करण्यात आली’, ‘दखल घेण्यात आली’, ‘बाब विचाराधीन ठेवण्यात आली’ अशी वाक्ये तयार ठेवली तर बैठकीला न जातासुद्धा तिचे इतिवृत्त लिहिता येते. ते पाठवावे दोन आठवड्यांनी, म्हणजे कोण काय म्हणाले हे विसरले गेलेले असते, आणि पुढच्या बैठकीचा पहिला तास ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ यात भरून निघतो.

त्या पत्राच्या बैठकीचे इतिवृत्त मी जपून ठेवले आहे. त्यात मुलीचे नाव नाही आणि ग्राहकांचे फोनही नाहीत. शेवटचा मुद्दा असा आहे: ‘सदर पत्र बैठकीपूर्वीच पाठवण्यात आले असल्याचे निदर्शनास आले. पत्रातील तिसऱ्या ओळीत कोणता शब्द वापरण्यात आला, याबाबत माहिती घेण्यासाठी स्वतंत्र बैठक बोलावण्यात यावी.’