कायदा तसाच आहे, पण बँकेला जाब कोण विचारणार?

अमेरिकेतल्या कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोचा, म्हणजे बँका आणि पैशाच्या कंपन्यांपासून ग्राहकांना जपणाऱ्या सीएफपीबी या सरकारी संस्थेचा वाद आपल्या इथल्या बऱ्याच मंडळींना वॉशिंग्टनमधली साठमारी वाटते. न्यू जर्सीतून पुण्याला घरी पैसे पाठवणाऱ्यांनी तरी तसं समजू नये.

२००८च्या आर्थिक पडझडीनंतर डॉड-फ्रँक कायद्याने ही संस्था उभी केली. तिचा पैसा दरवर्षी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून नव्हे, तर फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेकडून येतो, आणि विरोधकांचा जुना आक्षेप तोच: मग हिच्यावर लगाम कुणाचा? प्रश्न रास्त होता. पण मे २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ही व्यवस्था घटनेत बसते असं सांगितलं, आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी. त्यांना कुणी डावं म्हणणार नाही.

संस्थेला लगाम घालणं कोर्टात जमलं नाही, ते पुढे दुसऱ्या वाटेने झालं. फेब्रुवारी २०२५मध्ये संस्थेचे हंगामी प्रमुख रसेल व्हॉट यांनी कर्मचाऱ्यांना काम थांबवायला सांगितलं. जुलैमध्ये संस्थेच्या निधीची मर्यादा फेडरल रिझर्व्हच्या कामकाजाच्या खर्चाच्या १२ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आली. मला सर्वात जास्त टोचतं ते सीएफपीबीच्या ओव्हरड्राफ्ट नियमाचं रद्द होणं. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात पैसे कमी असताना बँकेने व्यवहार होऊ देणं. मोठ्या बँकांना ५ डॉलर किंवा प्रत्यक्ष खर्चाइतकीच फी घ्या, नाहीतर ते रीतसर कर्ज समजून त्याचे नियम पाळा, असं तो सांगत होता. काँग्रेसने तो रद्द केला तो अशा कायद्याखाली, की नवा कायदा झाल्याशिवाय तसाच नियम पुन्हा करता येत नाही. खात्यात २० डॉलर कमी पडले म्हणून ३५ डॉलर कापणं हा धंदा नाही, लूट आहे.

तरी हातात काही उरलंय, ते वापरा. डेबिट कार्डाच्या एकवेळच्या खरेदीवर आणि एटीएमवर ओव्हरड्राफ्ट फी लावायला बँकेला तुमची आधी संमती लागते. दिली असेल तर ती कधीही काढून घेता येते. चेक आणि खात्यातून परस्पर जाणारे हप्ते मात्र यात येत नाहीत, आणि लोक नेमके तिथेच फसतात.

परदेशी पैसे पाठवताना फी, विनिमय दर आणि पलीकडे किती पोचणार हे पैसे भरण्याआधी दाखवावंच लागतं. खाते क्रमांक चुकल्याचं लगेच लक्षात आलं, तर पैसे भरल्यापासून ३० मिनिटांत रद्द करा. तोवर पलीकडे जमा झाले नसतील तर फीसकट परत मिळतात. कमी पोचले किंवा पोचलेच नाहीत, तर पोचायच्या तारखेपासून १८० दिवसांत कंपनीला कळवा. पावती आणि पलीकडच्या खात्याचा उतारा जपून ठेवा.

कंपनीने टोलवाटोलवी केली तर सीएफपीबीच्या साइटवर तक्रार टाका. तारीख, रक्कम आणि तुम्हाला नेमकं काय हवंय एवढंच लिहा, संतापाचे चार परिच्छेद नकोत. कंपनीने साधारण १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, किचकट प्रकरणात ६० दिवसांत. तीच तक्रार तुमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडेही पाठवा. डॉड-फ्रँकने त्यांनाही कारवाईचा अधिकार दिलेला आहे.