सेकंदाला दहा, आणि मग शुकशुकाट

कॅमेऱ्यातल्या एसडी मेमरी कार्डाची लांबी 32 मिलिमीटर, रुंदी 24. एवढ्याशा जागेत छापणाऱ्याने काय काय कोंबावं, याला काही सुमार? जीबीचा आकडा, एसडीएक्ससी, रोमन एक किंवा दोन, गोलात 10, यूच्या पोटात 3, व्ही 30, ए 2, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ठसठशीत 170 एमबी प्रतिसेकंद. या शेवटच्या आकड्याने माणूस हुरळतो. हुरळावं म्हणूनच तो छापलेला असतो.

हा वेग असतो कार्डावरून वाचण्याचा. म्हणजे घरी येऊन, पाय पसरून, लॅपटॉपवर फोटो उतरवताना तो उपयोगी. तोही कार्ड रीडर त्या तोलामोलाचा असेल तरच. कॅमेऱ्याला हवा असतो लिहिण्याचा वेग, आणि त्याचा कमाल आकडा कार्डाच्या तोंडावर सहसा नसतो, असते ती फक्त किमान हमी. व्ही 30 म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान 30 एमबीची हमी. यूच्या पोटातला 3 हेच 30 पुन्हा सांगतो. गोलातला 10 म्हणतो, आपण तर बुवा दहाचीच खात्री देतो. ए 2 हे मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी, त्याला फोटोंशी घेणंदेणं नाही. एकाच अंगावर इतके आकडे आणि सगळ्यांचं एकमत होईल तर शपथ!

रोमन आकडा सांगतो, कार्ड आणि कॅमेरा यांच्यामधली डेटाची वाट किती रुंद. रोमन दोनचं कार्ड पालथं केलं की पिनांची दुसरी रांग दिसते. एकच्या वाटेची कमाल मर्यादा सेकंदाला 104 एमबी, दोनची 312. पण कॅमेऱ्याचा स्लॉट रोमन एकचा असेल, तर ती दुसरी रांग जन्मभर नुसती चमकत बसते. महागडं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात घालून 'फरक काय तो पडलाच नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पडणार कसा?

आता बर्स्टचं गणित. बटण दाबून धरलं की कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल 30 एमबीची धरली, तर सेकंदाला 300 एमबी आत येतात. कार्ड बिचारं ऐंशी लिहितं. उरलेले 220 तुंबतात ते बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीत. ती 1,100 एमबीची असेल तर पाच सेकंदांत काठोकाठ. पुढे कॅमेरा कार्डाच्या गतीने चालतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेतीन फोटो. बोट उचललंत, तरी बफर पूर्ण रिकामा व्हायला चौदा सेकंद.

खंड्याला हे चौदा सेकंद कोणी समजावायचे? तो काठीवर बसून पाण्याकडे टक लावतो. मान जरा वाकडी करतो. आता झेपावणार, म्हणून आपण बटण दाबतो. कडकडकडकड. खंड्या पंख खाजवतो. बफरमध्ये अजून किती फोटो मावतील ते सांगणारा व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला आकडा 40, 31, 22 असा उतरत जातो. 3, 2, 0. कॅमेरा कण्हायला लागतो, कार्डाचा लाल दिवा पेटतो तो पेटलेलाच. आणि नेमका त्याच क्षणी खंड्या पाण्यात. मासा घेऊन परत काठीवर. मासा आपटून आपटून गिळतो. लाल दिवा अजून चालूच. पंख खाजवणाऱ्या खंड्याचे मात्र झकास, तीक्ष्ण, लागोपाठचे पन्नास फोटो.

यावर जाणकार म्हणतात, कार्ड बदल. मी म्हणतो, आधी हाव आवरा. सेकंदाला दहाऐवजी पाच फोटो घेतले, तर आत येतात दीडशे, तुंबतात फक्त सत्तर, आणि तोच बफर पाचाऐवजी पंधरा सेकंद पुरतो. वेग निम्मा, दम तिप्पट. रॉसोबत जेपेगही काढायची हौस पहिली बंद करावी. एकाच फोटोचं ओझं दोनदा कशाला वाहायचं? रॉमध्ये लॉसलेस कॉम्प्रेस्ड, म्हणजे काहीही न गमावता फाइल दाबून लहान करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा, गुणवत्तेत रतीभर फरक पडत नाही. आणि 'असू दे जवळ' म्हणून दुसऱ्या स्लॉटात जुनं कार्ड घालून दोन्हीकडे एकदम लिहायला सांगितलं, तर कॅमेरा दोघांतल्या मठ्ठाच्या चालीने चालतो. सरकारी समितीतही असंच होतं म्हणतात.

एवढं करून भागलं नाही, तर खुशाल व्ही 90 घ्या. कॅमेऱ्यात जागा असेल तर सीएफएक्सप्रेस, म्हणजे एसडीहून वेगवान असं वेगळ्या बांध्याचं कार्ड घ्या. त्यातला टाइप बी सेकंदाला हजाराच्या वर एमबी सहज रिचवतो. मग बफर भरत नाही, कॅमेरा थांबत नाही, आणि खरा छळ तिथून सुरू होतो. फाइलींचे नंबर 9999 पर्यंत जाऊन परत 0001 वर येतात, आणि ते चक्र आता वर्षाऐवजी महिन्यात पुरं होतं. रात्री मी लॅपटॉपपुढे बसतो. एका फोटोत पंख अर्ध्या बोटाने वर, दुसऱ्यात डोळ्यात चमक जरा जास्त. पुढे, मागे, पुढे, मागे. शेवटी दोनच उरतात आणि माझा काही निर्णय होईना, म्हणून मी बायकोला बोलावतो. ती वाकून दोन्ही नीट बघते.

"यातला वेगळा कुठला?"

दोन्ही ठेवले.