वाळलेल्या पानांची साक्ष

वनस्पतिसंग्रहांवरील, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहांवरील, लेख वाचला. त्यात नमुने गोळा करणाऱ्यांच्या कथा छान आल्या आहेत. मात्र नमुना स्वतः जी साक्ष देतो, तिला अधिक जागा मिळायला हवी होती. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडून भीषण दुष्काळ ओढवला. त्या काळातील रोगट पाने संग्रहांत जपलेली असल्यामुळेच २०१३ मध्ये त्यांतील रोगजंतूचा डीएनए वाचता आला आणि ज्या प्रकारावर पूर्वी ठपका ठेवला जात होता, त्याहून वेगळाच प्रकार कारणीभूत होता, हे उघड झाले. नमुन्याला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीचे मोलही तितकेच आहे, कारण वाळल्यावर फुलाचा रंग बहुधा उडतो आणि तो जागेवरच टिपला नसेल, तर ती माहिती कायमची हातची जाते. तारीख व ठिकाण नसलेला नमुना (मग तो कितीही देखणा असो) अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो.