मोती चावून घ्यावा

मोती खरा की खोटा हे ओळखायचं सगळ्यात भरवशाचं घरगुती यंत्र म्हणजे माणसाचे पुढचे दात. मोती दाताच्या कडेवर हलकेच फिरवायचा. बारीक वाळू आल्यासारखा करकरला तर खरा, गुळगुळीत घसरला तर खोटा. आमच्या घराण्यात ही विद्या मावशीकडे आहे. अडचण एवढीच की मावशीला कवळी आहे, आणि खोट्या दातांना खरा मोती कळत नाही. म्हणून ताईच्या मुलीच्या तन्मणीसाठी मोती घ्यायला नांदेडहून हैदराबादला निघताना तिने पिशवी, छत्री आणि मी असं सामान बरोबर घेतलं. "तुझे पुढचे दात अजून तुझेच आहेत ना रे?" एवढी एकच चौकशी झाली. माझ्या नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बाकीच्या नातेवाइकांनी आपापल्या परीक्षा फोनवरून पाठवल्या. जावईबापू म्हणाले, खरा मोती गालाला गार लागतो. काचेचा मणीही लागतो, पण जावयाला कोण सांगणार? शेजारच्या काकूंनी लिंबाच्या रसात टाकून बघायला सांगितलं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे आम्लात तो खरोखरच झिजतो. म्हणजे आपला मोती अस्सल होता याची खात्री पटते, फक्त मोती उरत नाही.

हैदराबादला समुद्र नाही, तरी ते मोत्यांचं शहर. पूर्वी इराणच्या आखातातले बसरा मोती इथे येत, कारण निजामांना त्यांचं वेड होतं. आता बहुतेक माल चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा. चारमिनारपासून हाकेच्या अंतरावर, पथ्थरगट्टीतल्या एका दुकानात आम्ही बूट काढून गादीवर बसलो. दुकानदारांनी पांढऱ्या चादरीवर मोत्यांचे सर ओतले आणि मावशीने तोंड उघडण्याआधीच लायटर पेटवून एका सराखाली धरला. "देखो अम्मा, जलता क्या? नक्को बोले तो पैसे वापस."

मावशी बधली नाही. "प्लास्टिक नाही एवढंच कळलं," ती माझ्या कानात म्हणाली. "काच कुठे जळते?" मग तिने सर तळहातावर तोलला. प्लास्टिक हलकं असतं, हे तिला ठाऊक. पण शिंपल्याचा भुगा दाबून, वर चकचकीत लेप देऊन केलेला नकली मोती वजनालाही भरतो आणि गारही लागतो. हे दुकानदारांनीच आम्हाला दाखवलं, दोन्ही प्रकार शेजारी ठेवून. एखाद्याने स्वतःच्या दुकानात खोट्याची इतकी चांगली ओळख करून दिली की गिऱ्हाइकाचा त्याच्यावरचा संशय दुप्पट होतो.

मग भिंग आलं. मोत्याला ओवण्यासाठी वेज, म्हणजे भोक, पाडलेलं असतं, तिथे बघायचं. लेप दिलेल्या मोत्याचा लेप वेजाच्या तोंडाशी टवका उडाल्यासारखा दिसतो. मावशीने भिंग डोळ्याला लावलं, मग चश्म्याला लावलं, मग चश्मा काढून लावलं, आणि शेवटी "ठीक दिसतंय" असं म्हणून माझ्याकडे दिलं. मला भिंगातून माझीच पापणी दिसली. मीही "ठीक दिसतंय" म्हणालो.

खरी पंचाईत पुढे झाली. मावशीने निवड सुरू केली. हा जरा लांबट आहे, काढा. याच्यावर वळी आहे, काढा. हा शेजारच्यापेक्षा पिवळा. हा बुटका. चादरीवर नाकारलेल्या सरांचा ढीग लागला. तिला एकाच मापाचे, अगदी गोल, एकही डाग नसलेले, पांढरेशुभ्र मोती हवे होते. दुकानदारांनी शांतपणे मागच्या फळीवरून एक सर काढून पुढे ठेवला. मावशीचा चेहरा उजळला. "हा! असा पाहिजे." "ये प्लास्टिक है अम्मा," ते म्हणाले.

पण मावशीची तरी काय चूक? आपण सगळ्यांनी आयुष्यभर लग्नांत, हळदीकुंकवात, गणपतीच्या मखरात जे मोती पाहिले ते बहुतेक नकलीच. आपलं डोळ्यातलं माप त्यांनीच घडवलं आहे. खऱ्या मोत्याला थोडी वळी असते, थोडं वाकडेपण असतं, कारण तो एका शिंपल्याने आपल्या सवडीने केलेला असतो.

शेवटी माझी पाळी आली. सर उचलला, तोंडाजवळ नेला, आणि मनात आलं, याला आधी कुणाकुणाचे दात लागले असतील? "चाव रे," मावशी म्हणाली. दुकानातल्या दोन बायका, चहावाला पोरगा आणि दारातली एक शेळी माझ्याकडे बघत होती. मी चावलो. करकरलं. "वाजलं?" "वाजलं." "नक्की मोतीच ना? की तुझा दात?"

हे झाल्यावर तिने शेवटचा प्रश्न टाकला, "पण हे खरेच ना? की कल्चर?" इथे दुकानदार पहिल्यांदा हसले. कल्चर मोती खराच असतो. माणूस शिंपला उघडून आत काहीतरी सरकवतो, बाकीचं काम शिंपला करतो. जपानमध्ये मिकिमोतो नावाच्या गृहस्थांनी 1893 मध्ये हे करून दाखवलं, आणि आता बाजारातला जवळजवळ प्रत्येक मोती असाच. जपानी मोत्याच्या पोटात तर बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या शिंपल्याचा मणी असतो. माणसाने हातही न लावलेला बसरा मोती हवा असेल तर त्याची किंमत वेगळी, आणि दातांनी तो कळत नाही, कारण दोन्ही सारखेच करकरतात. तिथे एक्स-रे लागतो. "मोत्याचा एक्स-रे!" मावशी उसळली. "माझ्या गुडघ्याचा काढायला तुम्हाला चार महिने सवड नव्हती." पानिपतात दोन मोत्ये गळाली तेव्हा ती बसरा की कल्चर हा घोळ तरी नव्हता.

सोन्याला हॉलमार्क असतो, मोत्याला दुकानदाराची जबान. आम्ही तिच्यावरच थोडे वाकडे, करकरणारे सर वजनावर घेतले. नांदेडच्या सोनाराने मधलं खोड, म्हणजे लोलक, दिलं, आणि दागिने ओवणाऱ्या पाटवेकऱ्याने तन्मणी गाठवून दिला.

आता मला पारखीची चटक लागली होती. मावशीची जुनी नथ माझ्या डोक्यात होती. सासूबाईंनी दिलेली, बसरा मोत्यांची, असं ती सगळ्या गावाला सांगते. मी म्हणालो, "आण, तीही बघतो." तिने डबी पदराखाली घेतली.

"त्याला दात लावायचे नाहीत. सासूबाई म्हणाल्या बसरा, म्हणजे बसरा."

"अगं, पण खात्री करायला काय हरकत आहे?"

"आणि खोटी निघाली तर?" मावशी म्हणाली. "आता भांडू कुणाशी?"