सा बदलत नाही म्हणून

टूल या अमेरिकन रॉक बँडचा 'फिअर इनॉक्युलम' हा अल्बम गेल्या महिन्याभरात मी नऊ वेळा पूर्ण ऐकला. पूर्ण म्हणजे मध्ये न उठता, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. डिजिटल आवृत्ती ८६ मिनिटांची आहे. एवढा सलग वेळ घरात दिवसा मिळत नाही, म्हणून पहाटे पाचला उठले. अल्बम आला ३० ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे तारखेनं जुना. पण त्याआधीचा '१०,००० डेज' २००६ चा, आणि या अल्बमनंतर त्यांचा पुढचा अजून आलेला नाही. आपल्या श्रोत्यांना तेरा वर्षं थांबवणाऱ्या बँडचं हे काम माझ्यासाठी अजून नवंच आहे.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. २०१९ मध्ये मी इथेच, याच भिंतीवर लिहिलं होतं की अल्बम कंटाळवाणा आहे, गाणी एकमेकांसारखी आहेत, गायक हरवलाय. ते मी दोनदा ऐकून लिहिलं होतं, तेही प्रवासात. ते मला मागे घ्यायचंय, आणि नीट कारणं देऊन घ्यायचंय.

तेव्हाची माझी मुख्य तक्रार, जी अनेकांची आजही आहे, ती अशी की जवळजवळ सगळी गाणी एकाच स्वराभोवती फिरतात. टूलचा गिटारवादक ॲडम जोन्स गिटारची सगळ्यात खालची तार एक स्वर उतरवून डी या स्वरावर लावतो. टूल हे पहिल्यापासून करत आलेत. त्यामुळे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, कुठेही गेला तरी परत त्या डी वर येऊन बसतो. रॉक ऐकणाऱ्याला वाटतं की सुरावट पुढे सरकतच नाही.

पण मी मिरजेची आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला जी संगीतसभा होते, तिथे लहानपणी बाबांच्या मांडीवर झोपत-जागत ऐकलंय. तिथे रात्रभर कुठलाही गायक आपला षड्ज बदलत नाही, आणि कुणी उठून 'तुमचा सा तोच आहे' असं म्हणत नाही. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात एक आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) जवळपास मिनिटभर चालतं, चार स्वरांतच अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात जे घडतं त्याला आपण बढत म्हणतो. सा हलत नाही म्हणूनच बाकीच्या स्वरांची ओढ कळते. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी गिटार ऐकताना मी ते कान घरी ठेवून बसले. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता त्या कानांनी 'न्यूमा' ऐका. ११ मिनिटं ५३ सेकंद. शब्द ग्रीक, अर्थ श्वास आणि आत्मा दोन्ही. आपल्याकडे प्राण म्हणतात तेच. जस्टिन चॅन्सेलरचा बास सुरू होतो आणि मान आपोआप हलायला लागते, पण दोन-तीन फेऱ्यांत लक्षात येतं की मान चुकतेय. मी मोजायला बसले. चार पहाटा गेल्या. माझ्या हिशोबात पहिल्या तुकड्यात सतरा येतात आणि दुसऱ्यात सोळा. तेहतिसांचं आवर्तन! सोळा म्हणजे आपल्या अंगात भिनलेला आकडा, त्रितालाचा. त्याच्या शेजारी एक जास्तीची मात्रा घेऊन सतरा उभा केलाय, त्यामुळे शरीराला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येणार असं वाटतं तिथे ती येत नाही, एक पाऊल पुढे जाऊन येते. एकदा ती सापडली की हे अवघड गणित वगैरे काही राहत नाही, श्वासच वाटतो. घेतला जरा लांब, सोडला जरा आखूड.

गाण्याच्या मध्ये सगळं थांबतं आणि तबल्यासारखा आवाज येतो. हा टूलचा ड्रमर डॅनी कॅरी. इलेक्ट्रॉनिक पॅडवर तबल्याचे आवाज घेऊन वाजवतो. त्याच्या याच गाण्याच्या ड्रमवादनाचा व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिला गेलाय, आणि तो पाहिलेल्या बहुतेकांना माहीत नसतं की हा माणूस अमेरिकेत आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलाय. मी आठ वर्षं तबला शिकले, फार पुढे गेले नाही, पण एवढं कळतं की परदेशी संगीतात तबला बऱ्याचदा अगरबत्तीसारखा लावतात, वासापुरता. कॅरी तसं करत नाही. तबल्यातून त्यानं आवाज उचलला ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे त्यानं आवर्तनाची जाणीव उचलली. कितीही मोडतोड केली तरी सम कुठे आहे हे त्याच्या अंगाला माहीत असतं. 'न्यूमा'त तबला नसलेल्या जागीही मला ते ऐकू येतं.

(थोडं विषयांतर. त्यांच्या २००१ च्या 'लॅटरॅलस' या गाण्यातली अक्षरं १, १, २, ३, ५, ८ अशी फिबोनाचीच्या क्रमानं (पुढचा प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज) येतात, याचं जगभर कौतुक होतं. आपल्या छंदशास्त्रात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. दोन मात्रा भरायचे प्रकार दोन, तीनचे तीन, चारचे पाच, पाचचे आठ. बाराव्या शतकात हेमचंद्रानं हे मांडून ठेवलंय, फिबोनाचीच्या आधी. मला यात 'आमच्याकडे आधीच होतं' असं मिरवायचं नाही. मात्रा मोजत बसलेली माणसं वेगवेगळ्या शतकांत एकाच जागी पोचतात, याचा मला निखळ आनंद होतो, एवढंच.)

या अल्बममध्ये सात हा आकडा सगळीकडे आहे. अनेक रिफ सातात बांधलेत. शेवटच्या 'टेम्पेस्ट'मध्ये तर पहिल्या टी च्या जागी सातचा आकडाच लिहिलाय. पावणेसोळा मिनिटांचं गाणं, त्याला २०२० मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याचा मुख्य रिफ मी एकवीसपर्यंत मोजला, म्हणजे सात तीनदा. रूपक वाजवलेल्या माणसाला सातची ओळख असतेच: ती ती ना, धी ना, धी ना. आपल्या रूपकात समेवरच 'खाली', म्हणजे टाळी नसलेली मात्रा, असते, आवर्तन जोरात सुरू न होता हवेत सुरू होतं. मला वाटतं सातात मुळातच ती अपुरेपणाची भावना आहे, आणि टूलनं तिचाच वापर केलाय. आठवी मात्रा येईल येईल म्हणून आपण वाट पाहत राहतो.

सगळंच आवडलं असं नाही. डिजिटल आवृत्तीत जे छोटे तुकडे गाण्यांच्या मध्ये घातलेत ते मला नको होते. सीडीवर ते नाहीत आणि तिथे ओघ जास्त चांगला राहतो. 'चॉकलेट चिप ट्रिप' हे कॅरीचं ड्रमवादन स्वतंत्रपणे थरारक आहे, पण 'कलिंग व्हॉइसेस'नंतर लगेच ते यायला नको होतं. 'कलिंग व्हॉइसेस' अर्ध्याहून जास्त वेळ नुसत्या स्वच्छ गिटारवर आणि दबक्या आवाजावर चालतं, मग फुटतं. त्यानंतर माणसाला थोडी शांतता हवी असते. ती मिळत नाही.

आणि गायक हरवलाय हे मी लिहिलं होतं, तेही चूक. मेनार्ड जेम्स कीनन कमी गातो, हे खरं. अल्बम आला तेव्हा तो ५५ वर्षांचा होता, कॅरी ५८ चा. तिशीतल्या रेकॉर्डवरची ती किंकाळी इथे शोधायला गेलं की माणूस निराश होतो. पण त्यानं जी जागा सोडलीय, ती सोडताना विचार केलाय. 'इन्व्हिन्सिबल' ऐका. पावणेतेरा मिनिटं. एक म्हातारा योद्धा, अजून हातात शस्त्र, अजून लढायची सवय, पण लढाईला आता आपली गरज उरलीय का, या शंकेत उभा. यात रडणं नाही की दया नाही. आवाज सपाट ठेवलाय, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि त्याच्याभोवती वाद्यं हळूहळू जमा होत जातात. तिशीत हे गाणं त्याला लिहिता आलं नसतं, आणि २०१९ मध्ये मला ते ऐकता आलं नाही. मी तेव्हा ३४ ची होते. आई-बाबा धडधाकट होते.

आता बाबा नाहीत. माझे तबल्याचे सर ऐंशीचे आहेत, उजव्या हाताला कंप आहे. पूर्वी त्यांच्या कायद्यांवर, म्हणजे तबल्यावर विस्तार करत वाजवायच्या रचनांवर, माणसं जीव टाकायची. आता ते फक्त ठेका धरतात, तोही गुडघ्यावर. पण काय ठेका!

मागच्या रविवारी मिरजेला गेले तेव्हा त्यांना 'न्यूमा' ऐकवलं. हेडफोन त्यांना जड झाला म्हणून छोट्या स्पीकरवर. पहिली फेरी ते नुसते बसून होते. दुसरीला बोटं हलली आणि चुकली. "थांब थांब, सम कुठाय याची?" म्हणाले. मी सांगणार होते, त्यांनी हातानंच गप्प केलं. पुढच्या फेऱ्यांत डोळे मिटून पुटपुटत राहिले, आणि मग बरोब्बर त्या जागी गुडघ्यावर थाप पडली. पुन्हा पडली, पुन्हा पडली. "सतरा-सोळा," ते म्हणाले, "एक मात्रा उसनी घेतो आणि फेडत नाही गं हा." मला चार पहाटा लागल्या होत्या. मधला तबला आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, हा कुणाचा शिष्य? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुढे काही बोलले नाहीत, पण गाणं संपेपर्यंत थाप चुकली नाही.

येत्या रविवारी पुन्हा जातेय. 'इन्व्हिन्सिबल' ऐकवायचंय. सरांना इंग्रजी शब्द त्या उच्चारांत कळणार नाहीत. अर्थ आधी सांगून ऐकवावं की नुसतंच लावावं, हे माझं अजून ठरत नाहीये.