चिकन-भात म्हणजे कुत्र्याचं पूर्ण अन्न नव्हे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींकडूनही आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पाकिटातलं कुत्र्याचं अन्न म्हणजे विष, ते आजच बंद करा. उकडलेलं चिकन, भात, थोडं गाजर आणि चिमूटभर हळद, एवढं रोज दिलं की कुत्र्याला दुसरं काही लागत नाही. आपल्या ताटातलंही चालतं, तिखट तेवढं धुऊन टाका. कॅल्शियमसाठी मटणाची हाडं, जंतांवर लसणाची पाकळी, 'ड' जीवनसत्त्वासाठी सकाळचं ऊन. आणि शेवटी, "आपल्या खेड्यातली कुत्री भाकरीच्या तुकड्यावर पंधरा-पंधरा वर्षं जगली, त्यांना कुणी पाकीट आणून दिलं होतं?"

मी नऊ वर्षं माझ्या कुत्र्याला घरी शिजवून घालते आहे, त्यामुळे पाकिटांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगावंसं वाटतं, थांबा. यातलं बरंचसं चूक आहे, आणि ती चूक कुत्र्याच्या हाडांना आणि मूत्रपिंडांना भोगावी लागते.

पाकिटातलं अन्न विष, हा पहिला मुद्दा. पाकिटांवर संशय घ्यायला जागा आहे. मार्च 2007 मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचं अन्न मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवावं लागलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातून काढलेल्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलेलं निघालं. तपासणीत प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून केलेली ही भेसळ, आणि तिच्यामुळे कितीतरी जनावरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. हे खरं आहे आणि विसरू नये. पण म्हणून घरचं कसलंही अन्न चांगलं ठरत नाही. 'संपूर्ण आहार' असं लिहिलेल्या पाकिटात कॅल्शियम, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्वं ठरलेल्या किमान प्रमाणात असणं अपेक्षित असतं. आपण ते पाकीट बंद करतो तेव्हा हा हिशोब आपल्या अंगावर येतो. मेसेजमध्ये या हिशोबाचा एक शब्द नाही.

आता चिकन-भाताकडे येते, कारण माझं सगळं भांडण इथेच आहे.

बंड्या आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता, लॅब्रेडॉर. मी त्याला बाजारचं काही द्यायचं नाही असं ठरवलं होतं. रोज सकाळी ताजं बिनहाडाचं चिकन आणायचं, कुकरला दोन शिट्ट्या, मऊ भात, वर किसलेलं गाजर. तो ताटली चाटूनपुसून साफ करायचा आणि मला वाटायचं, याहून चांगलं काय असणार! दोन महिन्यांनी तो मागचा पाय उचलून चालायला लागला. सोफ्यावर चढेना. उचलून घेतलं की कळवळायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खेळताना मुरगळला असेल." आम्ही आठवडाभर तेल चोळलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मला म्हणाले, "ताई, यात हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं ते दाखवा मला." मला दाखवता आलं नाही. हाडं पांढरीशुभ्र दिसायला हवीत, ती आजूबाजूच्या मांसाइतकीच राखाडी होती. मांडीच्या हाडाला बारीक चीर होती. कुठेही न पडता, न आपटता.

का झालं ते त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. तोच हिशोब इथे पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी मांडते. वीस किलोचं कुत्रं धरा. त्याला दिवसाला साधारण 1000 कॅलरी लागतात. त्या फक्त चिकन-भातातून काढायच्या तर शिजवलेलं बिनहाडाचं चिकन 350 ग्रॅम आणि शिजलेला भात सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. या सगळ्यातून मिळणारं कॅल्शियम 100 मिलिग्रॅमच्याही आत भरतं. गरज असते 1000 ते 1250 मिलिग्रॅमची. म्हणजे दहावा हिस्साही पोटात जात नाही. वाढत्या पिल्लाची गरज तर दर कॅलरीमागे याच्या दुपटीहून जास्त. शिवाय त्याच ताटलीतून फॉस्फरस मात्र 800 मिलिग्रॅमच्या वर जातो. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, किंचित जास्तच. इथे नेमकं उलट होतं.

रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तर हृदय आणि स्नायू चालायचे नाहीत, म्हणून गळ्यापाशी असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून काढतात. त्यामुळे रक्ततपासणीत कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच दिसतं आणि आपण निश्चिंत राहतो. इकडे हाडं आतून पोकळ होत असतात. बंड्याला सहा आठवडे कोंडून, न पळू देता ठेवावं लागलं. आज तो नऊ वर्षांचा आहे, छान आहे, पण तो मागचा पाय अजून थोडा बाहेर वळतो. जिना चढताना मला तो रोज दिसतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग दही द्या, नाचणी द्या. मीही तेच विचारलं होतं. शंभर ग्रॅम दह्यात कॅल्शियम असतं सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम. म्हणजे रोज पाऊण किलोच्या आसपास दही. नाचणीत बरंच असतं, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण गरज भागवायची तर जवळजवळ 300 ग्रॅम पीठ लागेल आणि त्यातच दिवसाच्या सगळ्या कॅलरी संपतील. शिवाय फायटेट नावाचं धान्यातलं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. पायाच्या सूपचंही तसंच. हाडं तासन् तास उकळली तरी पाण्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं.

स्वस्त आणि खात्रीची गोष्ट म्हणजे अंड्याचं कवच. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच, त्यामुळे मांसाहाराबरोबर ते नेमकं जुळतं. कवचं धुऊन, उकळून, कोरडी कडकडीत वाळवायची आणि मिक्सरमधून अगदी पिठासारखी दळून चाळून घ्यायची. कण राहू द्यायचे नाहीत. पूर्ण वाढ झालेल्या वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा छोटा चमचा पुरतो. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला, हे मुद्दाम सांगते. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं वाकडी वाढतात, तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

आणि कमतरता फक्त कॅल्शियमची नसते. जस्त कमी पडतं आणि कातडी खरबरीत होते, केस गळतात. आयोडीन, तांबं, 'ई' आणि 'ड' जीवनसत्त्व, सगळ्यांचीच ओढाताण असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुस्तकांतल्या होत्या, वेबसाइटवरच्या होत्या, काही पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. त्यातल्या 95 टक्के पाककृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. माणसं मन लावून लिहितात, मन लावून शिजवतात, तरी ही गत होते. तीन जिन्नस आणि चिमूटभर हळद यांवर कुत्र्याचं आयुष्य निघेल असं कुणी सांगितलं तर मला राग येतो.

ताटातलं धुऊन द्या, हे तर आपल्याकडे अधिकच घातक. आपल्या स्वयंपाकात कुत्र्याला तिखटाचा त्रास होतो तो पोटापुरता. खरा घात कांदा-लसणाचा. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून ती जात नाहीत, वाळवून जात नाहीत, आणि रस्सा धुतल्याने मटणाच्या फोडीत मुरलेली निघत नाहीत. सातारा-कोल्हापूरकडे घरोघरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो, त्यात तर दोन्ही वाळून घट्ट झालेले असतात. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा बाधल्याचं दिसलंय. दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे. रोज थोडं थोडं गेलं तरी ते साचत जातं. लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी चहासारखी होते, आणि तोवर परवाच्या रश्श्याची आठवण कुणाला राहिलेली नसते.

द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. प्रसादाच्या शिऱ्यातली मनुका मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. यामागे टार्टरिक आम्ल असावं असा अभ्यासकांचा अलीकडचा कयास आहे. हे आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही आता झाल्या आहेत. आंबटगोड आमटीचा भात कालवून द्यायची सवय असेल तर ती आजच मोडा. ज्यांच्या घरी बिनसाखरेचं च्युइंगम किंवा मधुमेहींची मिठाई असते त्यांनी झायलिटॉल हे साखरेऐवजी घालतात त्या गोडव्याचं नाव लक्षात ठेवावं. ते पोटात गेल्यावर अर्ध्या-एक तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर कोसळू शकते.

मटणाची हाडं. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार ढलप्या निघतात. त्या घशात, आतड्यात रुततात, नाहीतर हाडाच्या चुऱ्याने शौच कोंडतं. मग कच्चं द्यावं, असं काही जण म्हणतात, कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच की. तसं राहिलेलं नाही. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात आणि कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकलाय. कच्च्या मांसाची दुसरी बाजू आपल्या गावच्या खाटकाच्या दुकानापाशी दिसते. शेळ्या-मेंढ्यांचं टाकाऊ यकृत, फुप्फुस कुत्र्यापुढे फेकलं जातं. त्यात हायडॅटिडच्या, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांच्या पाणीदार गाठी असतील तर कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि तीच माणसाच्या पोटात गेली की आपल्या यकृतात गाठ धरते. मुलं ज्या कुत्र्याच्या गळ्यात पडतात त्याला कलेजी द्यायची तर पूर्ण शिजवूनच द्या, तीही थोडी. रोज भरपूर कलेजी दिली तर 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन सांधे आखडतात.

लसणाने जंत जात नाहीत, गोचीडही जात नाही. वर सांगितलं तेच नुकसान होतं, आणि वजनाला वजन लसूण कांद्याहून तीव्र. गोचीड तापाने प्लेटलेट्स घसरलेलं कुत्रं ज्यांनी पाहिलंय ते त्यावर लसणाचा प्रयोग करणार नाहीत. हळदीने चिमटीत अपाय नाही, आहाराची कमतरता मात्र भरून निघत नाही.

उन्हाचं मलाही आश्चर्य वाटलं होतं. आपल्या कातडीत उन्हाने 'ड' जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत पुरेसं होत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. बंड्या गॅलरीत तासन् तास पसरायचा आणि मी त्या उन्हावर भरवसा ठेवून होते.

राहिली खेड्यातली कुत्री. माझ्या आजोळी होती, मलाही आठवतात. पण आपल्याला आठवतात ती जगलेली. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांची 364 पिल्लं नजरेखाली ठेवली होती. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात महिन्यांपर्यंत फक्त 19 टक्के पिल्लं जगली. ती भाकरीने मेली असं मी म्हणत नाही, त्यातले बरेच मृत्यू माणसांमुळेच झाले होते. एवढंच की पिल्लं किती गेली ते आपण मोजलेलं नसतं. आणि आजोळचं कुत्रं नुसत्या भाकरीवर नव्हतंच. ते उंदीर धरायचं, ओढ्यावर मेलेलं जनावर ओढायचं, हाडं-आतडी सगळं खायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याच्या पोटात जातं ते फक्त आपण वाढलेलं.

आमच्याकडे आता काय शिजतं ते सांगते. चिकन, आठवड्यातून दोनदा त्याऐवजी काटे काढलेला उकडलेला बांगडा किंवा तारली. भात, लाल भोपळा, फरसबी. आठवड्याला दोन-तीन छोटे तुकडे कलेजी. चमचाभर तेल, आयोडीनयुक्त मिठाची चिमूट, कवचाची पूड, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली जस्त आणि जीवनसत्त्वांची पावडर. सगळं वजनकाट्यावर मोजून. दर सहा महिन्यांनी बंड्याचं वजन करून प्रमाण बदलून घेते. हे प्रमाण बंड्याचं आहे, ते उचलून तुमच्या कुत्र्याला लावू नका. त्याच्या वजनाप्रमाणे, वयाप्रमाणे लिहून घ्या.

आणि ज्यांच्या घरात सहा-आठ महिन्यांच्या आतलं पिल्लू नुसत्या चिकन-भातावर आहे, त्यांनी हे वाचून उद्या कवचं दळायला घेऊ नयेत. आधी त्याला डॉक्टरांकडे न्या, लंगडत नसलं तरी. आजवर काय काय, किती आणि किती दिवस दिलं ते एका कागदावर लिहून न्या. माझ्याकडे तो कागद नव्हता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नुसतंच सांगत राहिले, "रोज ताजं देते हो, अगदी ताजं."